नेमके आणि अचूक

'नेमका' आणि 'अचूक' हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरतो. 'नेमके उत्तर दिले' म्हटले काय किंवा 'अचूक उत्तर दिले' म्हटले काय, ऐकणाऱ्याला अर्थ एकच लागतो. मोजमापाच्या शास्त्रात मात्र या दोहोंत मोठे अंतर आहे. खऱ्या मापाच्या जितके जवळ जावे तितकी अचूकता अधिक. आणि तीच वस्तू पुनःपुन्हा मोजली असता दर वेळी तेच माप येणे हा नेमकेपणा. नेमकेपणा आहे पण अचूकता नाही, असे फार वेळा घडते आणि ते सहसा लक्षात येत नाही. कला शाखेच्या, त्यातून भूगोलाच्या विद्यार्थ्याने या भानगडीत का पडावे, असे एका मित्राने मला विचारले. प्रस्तुत लेख हे त्याला दिलेले उत्तर समजावे.

कागलची पंचतारांकित एमआयडीसी म्हटले की परगावच्या माणसाला एखादे मोठे हॉटेल डोळ्यांसमोर येते. येथे तारे आहेत ते वसाहतीतील सोयींना. बाकी घाम, तेल आणि लोखंडाचा कीस सगळीकडे असतो तसाच. माझे वडील या वसाहतीत लेथवर काम करतात. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले. परंतु मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग ते ज्या सहजतेने वाचतात, ती सहजता मला अद्याप साधलेली नाही. या लेखातील पुष्कळसा भाग मी पुस्तकातून घेतला आणि आबांना विचारून तपासला.

समजा, २५ मिलिमीटर व्यासाचा दांडा करावयाचा आहे आणि दोन शतांशांचा फरक अधिक-उणा चालणार आहे. म्हणजे २४.९८ ते २५.०२ पर्यंतचा माल पास. एका यंत्रावरून पाच नग निघाले : २५.०४, २५.०४, २५.०५, २५.०४, २५.०३. दुसऱ्यावरून निघाले : २४.९७, २५.०३, २५.००, २५.०२, २४.९८. पहिल्या यंत्राचे पाचही नग बाद. दुसऱ्याचे तीन पास, आणि सरासरी काढली तर बरोबर २५! वरवर पाहता दुसरे यंत्र बरे. कारागीर मात्र पहिले यंत्र पसंत करील. त्याची चूक एकसारखी आहे. चार शतांशांची दुरुस्ती एकदा दिली की पुढचे सगळे नग मापात येतील. दुसऱ्याला कोणती दुरुस्ती द्यावी? ते कधी वर, कधी खाली जाते. बेअरिंग ढिले असेल, जॉब नीट पकडला जात नसेल, हत्यार हलत असेल. शोधत बसावे लागते. शिवाय सरासरीचा दांडा कोणत्याही इंजिनात बसत नाही, प्रत्यक्ष हातातला नगच बसवावा लागतो.

पहिल्या प्रकारच्या चुकीला पद्धतशीर त्रुटी आणि दुसऱ्या प्रकारच्या चुकीला यादृच्छिक त्रुटी असे पुस्तकी शब्द आहेत. यादृच्छिक त्रुटी अनेक वाचने घेऊन सरासरी काढल्याने कमी होते. पद्धतशीर त्रुटी हजार वाचने घेतली तरी जागची हलत नाही, उलट तिच्यावरचा आपला विश्वास वाढत जातो.

हा फरक केवळ परीक्षेपुरता नाही. येथीलच एका वर्कशॉपमधून गेलेला माल गिऱ्हाइकाने परत पाठविला. तीन शतांश जाड, अशी तक्रार. ज्या कामगाराने तो केला होता तो ठेकेदारीवरचा. नुकसान त्याच्या मजुरीतून कापण्याची भाषा सुरू झाली. त्याने नगामागून नग मोजून दाखविले. प्रत्येक वेळी माप बरोबर. तेव्हा तो मोजण्यातच काही लबाडी करतो, असा संशय निघाला. आबांनी स्टोअरमधून स्लिप गेज आणायला लावले. स्लिप गेज म्हणजे अत्यंत काटेकोर घासून तयार केलेला, ठराविक जाडीचा पोलादी ठोकळा. तो त्या मायक्रोमीटरमध्ये धरला, तर मायक्रोमीटरच तीन शतांश कमी दाखवीत होता. आबा एवढेच म्हणाले, "माप बरोबर हाय, मापणारं खोटं बोलतंय." मजुरी वाचली. मला यात लक्षात घेण्याजोगे वाटते ते असे, की त्या माणसाच्या हाताचा नेमकेपणा हाच त्याच्या विरुद्ध पुरावा ठरू पाहत होता. मापे विखुरलेली असती तर हात किंवा यंत्र तपासावे लागले असते. ती सर्व एकाच बाजूला सारखीच सरकली होती म्हणून आधी मापाचे साधन तपासणे हाच मार्ग होता.

पोलाद तापले की वाढते, हेही येथे सांगितले पाहिजे. लांबीच्या मापासाठी जगभर २० अंश सेल्सिअस हे तापमान प्रमाण धरतात. शंभर मिलिमीटरचा जॉब यंत्रावरून काढला तेव्हा पन्नास अंश तापलेला असेल, तर तो सुमारे साडेतीन शतांश जास्त भरतो. गरम असताना पास झालेला नग थंड झाल्यावर बाद होऊ शकतो, आणि आपल्याकडील एप्रिल-मेमध्ये २० अंश मिळतात ते वातानुकूलित खोलीतच.

फौंड्रीत तर मुद्दाम चुकीची पट्टी वापरतात! वितळलेले बीड साच्यात थिजून थंड होताना शेकडा सुमारे एक या प्रमाणात आकसते. तेव्हा ३०० मिलिमीटरचा भाग हवा असेल तर पॅटर्न ३०३ मिलिमीटरचा करावा लागतो. हा हिशेब दर वेळी कोण करणार? म्हणून पॅटर्न करणाऱ्याजवळ निराळी पट्टी असते. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर तेवढ्याच प्रमाणात मोठा कोरलेला असतो. शाळेतल्या पट्टीशेजारी ठेवली तर ती खोटी ठरेल, पण तिच्यावरून केलेला ओतीव भाग खऱ्या मापाचा उतरतो. त्रुटी पद्धतशीर असेल आणि किती आहे हे ठाऊक असेल, तर तिला कामालाही लावता येते.

आता भूगोलाकडे वळतो. १८५६ साली एव्हरेस्ट शिखराची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. सर्वेक्षण खात्याचे अँड्र्यू वॉ यांनी ती जाहीर केली; गणिताच्या कामात राधानाथ सिकदार यांचा मोठा वाटा होता. उंची बरोबर २९,००० आली, पण लोकांना ती अंदाजाने सांगितल्यासारखी वाटेल म्हणून दोन फूट वाढविले, ही गोष्ट वर्गात हमखास सांगितली जाते. गोष्ट गमतीची खरी, पण शंभर मैलांहून अधिक दूरच्या सहा ठिकाणांहून घेतलेल्या उंचीची सरासरीच २९,००२ येते. सर्वांत कमी उंची सुमारे २८,९९० आणि सर्वांत जास्त २९,०२६ फूट आली. २०२० साली नेपाळ व चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८८४८.८६ मीटर, म्हणजे जवळजवळ २९,०३२ फूट आहे. सहाही वाचने तिच्या खालीच! यादृच्छिक त्रुटी असती तर काही वर, काही खाली गेली असती. हवेतून येताना प्रकाशकिरण वाकतो. पर्वताच्या ओढीने ओळंबाही किंचित कलतो. या गोष्टी सहाही ठिकाणांना कमीअधिक लागू होत्या. त्या काळातील साधने पाहता तीस फुटांचा फरक म्हणजे काहीच नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

अलीकडचे उदाहरण हबल दुर्बिणीचे. १९९० साली ती अवकाशात सोडल्यावर चित्रे धूसर येऊ लागली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा विलक्षण नेमकेपणाने घासलेला होता, परंतु चुकीच्या आकारात. आरसा तपासण्याच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेले होते. दुसऱ्या साध्या उपकरणांनी दोष दाखविला होता, पण ती कमी नेमकी म्हणून त्यांचे कोणी ऐकले नाही. अंतराळवीरांनी १९९३ साली वर जाऊन दुरुस्ती केली.

आपल्या तालुक्यात मोजमापाचा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय म्हणजे उसाचा वजनकाटा. वजनाविषयी शंका आली की गाडी पुन्हा त्याच काट्यावर घालतात. आकडा तोच आला की शंका मिटली असे धरले जाते. त्यातून कळतो तो काट्याचा नेमकेपणा. अचूकता पाहावयाची तर दुसऱ्या काट्यावर किंवा प्रमाणित वजने ठेवूनच पाहिली पाहिजे. भरलेल्या गाडीच्या वजनातून मोकळ्या गाडीचे वजन वजा होते, तेव्हा काटा सर्वत्र पन्नास किलो कमी दाखवीत असेल तर ती चूक वजाबाकीत आपोआप नाहीशी होते. पण तो शेकडा दोन या प्रमाणात कमी दाखवीत असेल, तर वजाबाकीने काही साधत नाही. पंधरा टनांच्या खेपेला तीनशे किलो ऊस कमी भरतो, आणि गाडी दहा वेळा काट्यावर घातली तरी दहाही वेळा तोच आकडा येतो.