नवी वायर ओढण्याआधी

जुनी डिझेल पिकअप विजेवाचूनही चालते, आणि तिच्या वायरिंगची वाट लागते ती नेमकी या गुणापायी. डिझेल पुरवायला यांत्रिक पंप असतो, ते पेटतं दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं; ठिणगी लागतच नाही. बॅटरी उतरली तर चौघांचा धक्का पुरतो, बंद करायला डॅशबोर्डाखालची स्टॉप केबल ओढली की झालं. आमच्या महिंद्राच्या पिकअपनं फलटण तालुक्यात अशीच हयात काढली. एरवी डाळिंबाचे क्रेट आणि उसाचं बेणं, आषाढीत माउलींची पालखी लोणंद-तरडगावकडून फलटणला येताना दिंडीचं सामान. दिवा गेला, टाका तात्पुरती वायर. मोठा हॉर्न हवा, ओढा तार थेट बॅटरीवरून. आप्पांनी गाडी चालवणं सोडलं तशी ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी राहिली, आणि उरलीसुरली वायरिंग उंदरांनी संपवली.

ती पुन्हा रस्त्यावर आणताना जे घडलं, ते अशीच एखादी गाडी दारात उभी असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. नवी बॅटरी जोडली, दादानं सेल्फ मारला. टक् असा आवाज झाला आणि डॅशबोर्डाखालून धूर निघाला. मी बॉनेटपाशीच होतो, मायनसचं टर्मिनल अजून आवळलेलं नव्हतं, ते उपटून काढलं म्हणून निभावलं. बघणारे सगळे एकच सांगत होते : वायरिंग जळाली, संपूर्ण संच नवा टाका.

फलटणच्या एका वयस्क मिस्त्रींनी मात्र आधी मीटर मागितला. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावलं आणि मला क्षणभर सेल्फ मारायला सांगितलं. काटा कित्येक व्होल्ट वर गेला. “मालक, वायर न्हाई जळाली. अर्थच न्हाई इंजनाला,” ते म्हणाले. इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेली पट्टी गंजून तुटली होती. सेल्फला शेकडो अँपिअरचा करंट लागतो; तो बॅटरीकडे परतायला वाट शोधतोच. त्याला इंजिन आणि केबिन जोडणारी स्टॉप केबल सापडली. ती लाल झाली आणि तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळलं. धूर त्याचा होता. नवी वायरिंग टाकून किल्ली फिरवली असती, तर पुन्हा तेच झालं असतं.

म्हणून पहिलं काम अर्थ. बॅटरी ते चासी, चासी ते इंजिन, चासी ते बॉडी, हे तिन्ही जोड सोडवून रंग-गंज खरवडायचा, चकचकीत धातू दिसला की बोल्ट आवळायचा आणि वरून ग्रीस लावायचं. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यातला फरक पाव व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली हवा.

दुसरी गोष्ट फ्यूजची. आमच्या फ्यूजबॉक्समध्ये निम्म्या ठिकाणी तांब्याची तार गुंडाळलेली होती. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो असा समज आहे. तो असतो वायरीसाठी. १० अँपिअरच्या वायरीवर ३० चा फ्यूज घातला, तर जळताना आधी वायर जळते. फ्यूज पुन्हापुन्हा उडत असेल तर मोठा घालू नका. त्याच्या जागी २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. शॉर्ट असेल तोवर तो भगभगीत पेटतो, वायर मात्र तापत नाही. मग वायरीचा जुडगा इंचाइंचानं हलवत जा. बल्ब मंदावला किंवा विझला, की शॉर्ट तुमच्या हाताखाली आहे.

हेडलाइटबद्दल मला पोटतिडकीनं सांगायचं आहे. उसाच्या हंगामात लोणंद रस्त्यावर किंवा दहिवडीकडे जाताना मोगराळे घाटात रात्री पुढे अचानक बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली येते. तिथे अंधूक दिव्यांनी जाऊ नये. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे १० अँपिअर. एक चौरस मिलिमीटरच्या पाच मीटर वायरीतून एवढा करंट नेला तर जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच गळतो. अडीच चौरस मिलिमीटर घेतली तर ०.३५. बल्बचं व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड साधारण तिसऱ्या हिश्शानं घटतो. लोक यावर १०० वॅटचे बल्ब बसवतात. मग तोच स्विच सतरा अँपिअर वाहतो आणि वितळतो. बल्ब मूळचाच ठेवा, रिले बसवा. ३० नंबरला बॅटरीवरून फ्यूजमार्गे जाड वायर, ८७ वरून दिव्याकडे, ८५ अर्थला, ८६ ला जुन्या स्विचची वायर. एवढ्यानं फरक डोळ्यांना दिसतो.

सगळी वायरिंग एकदम उपटून काढू नका. आधी फोटो, प्रत्येक टोकाला चिकटपट्टीवर नाव, मग एकेक सर्किट : ते बदलायचं, तपासायचं, मगच पुढचं. घरातली फिटिंगची वायर गाडीत चालत नाही, धक्क्यांनी तिचे मोजके जाड धागे तुटतात. बारीक धाग्यांची ऑटो वायर घ्या आणि दुकानातच एक धागा ब्लेडनं खरवडून बघा. वरून तांबडा आणि आत पांढरा असेल तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, परत करा. जोडाला पिळा मारून टेप गुंडाळणं पुरे नाही. चैत्रात बॉनेटखाली टेपचा गोंद पातळ होतो आणि टेप सरकते. योग्य मापाचं थिंबल नीट दाबा, वर स्लीव्ह घाला.

कुणाची पिकअप नसून त्याहून जुनी जीप असेल, तर काहीही जोडण्यापूर्वी व्होल्टेज पाहा. युद्धकाळातल्या विलीज जीप ६ व्होल्टच्या होत्या, नंतरच्या काही लष्करी जीप २४ च्या.

आणखी एक सवय आपल्याकडे घरोघर आहे : इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘डायनामो चार्ज करतो का’ ते पाहणं. अल्टरनेटरच्या गाडीत असं केलं की व्होल्टेज एकदम उसळतं आणि डायोड उडतात. त्यापेक्षा मीटर लावा. बंद गाडीत भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. गाडी बंद असताना मायनस वायर आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडला, तर गळती किती ते कळतं. ५० मिलिअँपिअरहून जास्त दिसली तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं आकडा पडतो, त्या सर्किटमध्ये दोष. मात्र मीटर असा जोडलेला असताना किल्लीला हात लावू नका, सेल्फचा करंट मीटर जाळून टाकतो.