यंत्रास कोणतें काम द्यावें?

बांधकामाच्या जागीं यंत्रमानव येऊं लागला आहे, हें ऐकून कोणी हर्षतो, कोणी भितो. परंतु खरा प्रश्न यंत्र चांगलें कीं वाईट हा नसून, कोणतें काम त्यास द्यावें आणि कोणतें देऊं नये, हा आहे. त्याचा विचार आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरील एका उदाहरणापासून करूं.

कसारा व इगतपुरी यांमधील थळ घाटाचा लोहमार्ग १ जानेवारी १८६५ रोजीं सुरू झाला. त्या काळीं डायनामाइट नव्हतें. मजूर पहार व घण घेऊन काळ्या कातळांत छिद्रें पाडीत आणि त्यांत दारू ठासून सुरुंग उडवीत. त्याच डोंगरांत आतां समृद्धि महामार्गाचा सुमारें ८ किलोमीटर लांबीचा बोगदा झाला असून, इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजीं खुला झाला. येथें कातळ पोखरण्याचें काम यंत्राच्या लांब बाहूंनीं केलें. यावरून पहिली कसोटी मिळते: ज्या कामांत धूळ, उंची किंवा दरड मनुष्याचा जीव घेऊं शकते, तें आधीं यंत्रास द्यावें.

दुसरी कसोटी अशी कीं, काम एकसारखें आहे काय? पुलाच्या पृष्ठावर सळयांची जाळी अंथरली म्हणजे जागोजागीं तारेची गांठ मारावी लागते. दिवसभर वांकून गांठी मारतां मारतां कामकऱ्याची कंबर मोडते. अमेरिकेंत टायबॉट नांवाचा यंत्रमानव जाळीवरून सरकत, कॅमेऱ्यानें सळयांचे छेद शोधून, याच गांठी मारतो. पृष्ठ सपाट आणि गांठ एकच, म्हणून त्यास हें साधतें.

तिसरी कसोटी: प्रत्येक वेळीं नवा निर्णय घ्यावा लागतो काय? आपल्या भट्ट्यांतील दोन विटा क्वचितच तंतोतंत सारख्या असतात. गवंडी वीट हातांत घेतांच तिचें तोंड ओळखतो, सांध्यांत माल कमीअधिक करितो, ओळंबा धरून भिंत सरळ ठेवितो. जुन्या वाड्याची डागडुजी तर त्याहून नाजूक. अशीं कामें तूर्त मनुष्याच्या हातांचींच आहेत.

तथापि यंत्र आलें म्हणजे संकट टळलेंच, असें नव्हे. १ ऑगस्ट २०२३ रोजीं पहांटेपूर्वीं, शहापूर तालुक्यांतील सरलांबे येथें, याच महामार्गाच्या कामावर पुलाच्या तुळया चढविणारें यंत्र कोसळून २० जण मृत्यु पावले. यास्तव यंत्राच्या खालीं कोण उभा राहणार, हें आधीं पाहिलें पाहिजे.

आणि शेवटची गोष्ट भाकरीची. घमेलें वाहणाऱ्या बाईचें ओझें यारीनें उचललें, हें चांगलेंच. परंतु तिची रोजी गेली, तर तो खर्च कोणाच्या वहींत मांडावयाचा? प्रभु येशूच्या दृष्टांतांतील बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो. आपल्या हिशेबांत विटा व सिमेंट यांबरोबर ही बाईहि आली पाहिजे. म्हणून यंत्र आणण्यापूर्वीं तें चालविण्याचें शिक्षण त्याच कामकऱ्यांस देणें न्यायाचें होय.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घराजवळ बांधकाम चालू असेल, तर दुरून पाहून तेथील दहा कामें लिहून काढा आणि प्रत्येकापुढें हे प्रश्न मांडा. आपल्या पालकांपैकीं कोणी या धंद्यांत असतील, तर उत्तरें त्यांस दाखवा. या परीक्षेचे परीक्षक तेच आहेत.