गंगाजळी

पूर्वी अनेक मराठी घरांच्या देव्हाऱ्यात गंगेच्या पाण्याने भरलेले, तोंड बंद केलेले एक लहानसे पात्र असे. त्याला गंगाजळी म्हणत. रोजची तहान भागवण्यासाठी ते कोणी उघडत नसे. अखेरच्या घटकेसाठी ते राखून ठेवलेले असे. पुढे अडचणीच्या काळासाठी बाजूला ठेवलेल्या पैशालाही हाच शब्द रूढ झाला. गंगाजळीचे मोल तिच्या आकारात नाही, ती वेळेला हाताशी असण्यात आहे.

परंतु ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने गंगाजळी साठवावी का? वरवरचा हिशेब ‘नाही’ असेच सांगतो. समजा, शिलाईकाम करणाऱ्या एका स्त्रीवर २०,००० रुपयांचे कर्ज आहे. व्याज दरमहा शेकडा ३ रुपये, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. डाकघराच्या बचत खात्यावर मात्र वर्षाला ४ टक्केच व्याज मिळते. तिने ३,००० रुपये कर्जात न भरता बचत खात्यात ठेवले, तर त्या रकमेवर दरमहा ९० रुपये द्यावे लागतात आणि केवळ १० रुपये मिळतात. म्हणजे महिन्याला ८० रुपयांचा तोटाच.

आता दुसरी बाजू पाहू. तिने पै न् पै कर्जात भरली आणि घरात काहीच शिल्लक ठेवले नाही. अशातच मूल आजारी पडले. उपचारांना ३,००० रुपये हवेत. सावकार शिलाईयंत्र तारण मागतो. यंत्र गेले की कमाई थांबते. दिवसाला ३०० रुपये मिळत असतील, तर दहा दिवसांत ३,००० रुपये बुडतात. हप्ता चुकतो, व्याज चढते आणि एका कर्जाची दोन कर्जे होतात. महिन्याचे ते ८० रुपये म्हणजे यंत्र घरात राहण्याची किंमत होय.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम, ठरलेला हप्ता न चुकवता, एखाद्या आजारपणाला पुरेल इतकी लहान गंगाजळी उभी करावी. ती झाली की उरलेली सर्व शक्ती कर्जफेडीकडे वळवावी. सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे. कर्ज संपल्यावर हप्त्याचीच रक्कम गंगाजळीत टाकत राहावे आणि निदान तीन महिन्यांच्या घरखर्चाइतकी शिल्लक करावी.

येथे बचत गटाचा मोठा आधार होतो. अशा गटांना बँकांशी जोडण्याचा उपक्रम नाबार्डने १९९२ साली सुरू केला. गटाचा दर दरमहा शेकडा २ रुपये असेल आणि त्यातून १०,००० रुपये घेऊन सावकाराचे निम्मे कर्ज फेडले, तर महिन्याला १०० रुपये व्याज वाचते. गंगाजळीमुळे होणारा तोटा त्यातून भरून निघतो.

हा पैसा डब्यात ठेवू नये; डब्यातला पैसा सणालाही खुणावतो. २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेत किमान शिलकेची अट नसलेले खाते उघडता येते. सण, लग्न, शाळेची फी हे खर्च आधी ठाऊक असतात. त्यांची तरतूद वेगळी करावी. गंगाजळी आजारपण, काम सुटणे, अवजार मोडणे यांसाठीच. आणि एकदा उपसली की ती पुन्हा भरावी, हा तिचा पहिला नियम. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी मिळते, पण फार उशिरा.

शब्दार्थ
तारण – कर्जाच्या हमीसाठी ठेवलेली वस्तू
शेकडा – दर शंभराला
तरतूद – आधी केलेली व्यवस्था

स्वाध्याय
१. गंगाजळी या शब्दाचे दोन अर्थ लिहा.
२. ‘महिन्याचे ते ८० रुपये म्हणजे यंत्र घरात राहण्याची किंमत होय’ हे विधान स्पष्ट करा.
३. तुमच्या घरातील एका महिन्याच्या खर्चाची यादी करा. त्यांपैकी आधी ठाऊक असलेले व अचानक आलेले खर्च वेगळे करा.