भोकरदनची हस्तिदंती मूर्ती

मंडळी, भोकरदन हे आपल्या जालना जिल्ह्यातले केळणा नदीकाठचे गाव. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव होते भोगवर्धन. दूर सांचीच्या स्तूपावर हे नाव कोरलेले आहे.

१९७३ साली भोकरदनला उत्खनन झाले. मातीतून हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती निघाली. तिकडे इटली देशात पाँपेई नावाचे शहर होते. इ. स. ७९ मध्ये ते ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथे १९३८ साली अशीच वीतभर हस्तिदंती मूर्ती सापडली. दोघी जणू बहिणी! आपल्याकडचा माल तेव्हा समुद्रापार जात होता. ती मूर्ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

परवा नातवाने मोबाईलवर तिचे चित्र दाखवले. शेजारच्या आजीबाई म्हणाल्या, "गुरुजी, पाठीमागून कशी दिसते हो ही?"

प्रश्न अगदी बरोबर. संग्रहालयात मूर्ती काचेआड असते. हात लावता येत नाही. मग फिरवून कशी बघायची?

त्यावर आता युक्ती निघाली आहे. मूर्तीचे सगळ्या बाजूंनी शेकडो फोटो काढतात. संगणक ते फोटो जुळवतो. मग पडद्यावर मूर्ती उभी राहते. बोट सरकवा, ती फिरते. दोन बोटे फाकवा, ती मोठी दिसते. कानातले दागिनेसुद्धा मोजता येतात. वाचता येत नसेल, तर माहिती ऐकताही येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली फिरते संग्रहालय सुरू केले. ही मोठी बस शाळांत आणि गावांत जाते. तिच्यातही असे पडदे असतात.

पण एक ध्यानात ठेवा. पडदा आपल्या मनाने बोलत नाही. वस्तू कुठे सापडली, किती खोल होती, जवळ काय होते, हे खोदताना लिहून ठेवावे लागते. तेच पडदा सांगतो. कुणी नांगरताना सापडलेले नाणे गुपचूप विकले, सराफाने ते वितळवले, की त्याची गोष्ट कायमची गेली. मग कितीही भारी यंत्र आणा, ते मुकेच!

म्हणून शेतात जुनी वस्तू सापडली, तर घासू नका, विकू नका. जागेवर खूण करा. तलाठ्याला कळवा. १८७८ च्या कायद्याप्रमाणे असे धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते.

आता सांगा बरे :
१. भोकरदनचे जुने नाव काय?
२. मूर्ती पडद्यावर कशी उभी राहते?
३. तुमच्या शेतात जुने नाणे सापडले, तर काय कराल?