आधी सांगून ठेव, गो

पावण्यांना खोली भाड्याने देणार आहेस ना, तर पहिलं सांगते ते खोलीचं नाही, पाण्याचं. तुझं सासर मालवणजवळ देवबागला. एका अंगाला दर्या, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे चिंचोळी पट्टी. तिथल्या विहिरींचं पाणी दिवाळीत गोड लागतं, एप्रिल-मे आला की चव पालटते. आपल्याला सवय आहे. पण पुण्याहून आलेल्या बाईने डोक्याला शाम्पू लावला आणि फेसच आला नाही, की तिच्या मनात येतं, ह्यांनी आणखी काय काय लपवलंय? म्हणून खोली ठरवतानाच फोनवर सांगायचं: आंघोळीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ असतं, प्यायचं वेगळं देऊ, शेवटचे चार तांबे घ्यायला गोड्या पाण्याची बादली बाथरूममध्ये ठेवू. हे ऐकून एखादं कुटुंब येणार नाही. न येवो. जे येतील ते बादली बघून खूश होतील.

माझं बाकीचं सगळं सांगणं ह्याच्याच पोटात आहे. अडचण आधी कळली तर पावणा ती सहज सोसतो. तीच आल्यावर कळली तर पैसे परत मागतो.

जाहिरातीत ‘समुद्र पाच मिनिटांवर’ असं लिहिणार असशील तर आधी तुझ्या सासूला घड्याळ बांधून चालायला लाव. तिच्या पावलांनी जितकी मिनिटं होतील तितकी लिही, कारण पावण्यांत आजीआजोबा असतातच. फोटोही तसेच काढ. माडांचे आणि सूर्यास्ताचे फोटो सगळेच टाकतात. तू संडास-बाथरूमचा टाक, माडीवर जाणाऱ्या जिन्याचा टाक, गाडी जिथे लागते त्या जागेचा टाक. गुडघे दुखणारा माणूस जिन्याचा फोटो शोधत असतो आणि तो त्याला कुठेच मिळत नाही.

मग एक रात्र नवऱ्याला घेऊन त्या खोलीत झोप. स्वतःच्या घरात असल्यासारखी नको, बॅग भरून जा आणि दार लावून घे. रात्री बारा वाजता कळेल की दिव्याचं बटण पलंगापासून लांब आहे, मोबाईल लावायचा प्लग कपाटाच्या मागे गेलाय, खिडकीची जाळी एका कोपऱ्यात उचकटलीय आणि ओला टॉवेल अडकवायला एक खुंटी नाही. किनाऱ्यावरच्या खोलीत टीव्हीपेक्षा खुंट्या महत्त्वाच्या. चार माणसांचे पोहून आलेले ओले कपडे कुठे तरी पडणारच. तू दोरी बांधली नाहीस तर ते तुझ्या नव्या खुर्च्यांवर पडतील. अंगणात पायांसाठी एक नळ काढ आणि पायपुसणं दाराबाहेर ठेव, नाहीतर वाळू गादीपर्यंत पोचते.

आता गाड्यांचं. आपल्याकडे मुंबईचे पावणे रात्रीच्या गाडीने निघतात, कोकणकन्या म्हण, तुतारी म्हण. सकाळी कुडाळला उतरतात, तिथून तीसेक किलोमीटर रिक्षाने येतात आणि दहा-अकराला दारात उभे राहतात. रात्रभराची झोपमोड, पोरं किरकिरलेली. आणि तुझी खोली मोकळी व्हायची बारा वाजता. ह्या दोन तासांत सगळं बिघडतं किंवा सगळं जमतं. नियम सांगू नको. पडवीत दोन बाकडी टाक, बाहेरचं न्हाणीघर स्वच्छ ठेव, बॅगा आत घे आणि तवा चढव. घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी समोर आली की बारा कधी वाजले ते कळत नाही. परतीचंही तेच. खोली बाराला रिकामी करून घेतेस, गाडी संध्याकाळची. तोपर्यंत तो माणूस मालवणच्या बाजारात बॅगा ओढत फिरणार का? सामान ठेवून घे, निघण्यापूर्वी आंघोळीला जागा दे. ह्याचे वेगळे पैसे लावू नको. बुकिंगच्या वेळीच ‘लवकर आलात तरी बसायची सोय आहे’ एवढं म्हटलंस तर समोरची बाई लगेच निवांत होते.

जेवणाचं मात्र नीट ऐक, कारण आपल्याकडे माणूस मालवणच्या किल्ल्यासाठी येतो असं म्हणतो आणि येतो माशासाठी. ताटाचा दर ठरवताना मासा नाव घेऊन बांधून घेऊ नको. ‘सुरमई थाळी इतके रुपये’ असा बोर्ड लावलास की ज्या दिवशी सुरमई महाग होईल त्या दिवशी तू तरी बुडशील, नाहीतर तुकडा तरी पातळ होईल, आणि पातळ तुकडा पावण्याला बरोब्बर दिसतो. त्यापेक्षा सांग, ‘संध्याकाळी धक्क्यावर लिलाव होतो, काय मिळतं ते बघून फोन करते, दर सांगते, मग तुम्ही ठरवा.’ हौशी असतील तर त्यांनाच घेऊन जा. कोळणी टोपली कशी लावतात, भाव कसा चढतो ते त्यांनी स्वतः पाहिलं की ताटातल्या किमतीवर कोणी वाद घालत नाही. किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला घेतलं असेल तर पोरांना उठवून ने. तसली गंमत कुठल्या रिसॉर्टमध्ये नाही.

शहरातल्या पोरांना काट्यांची सवय नसते. त्यांना पेडवे देऊ नको, सुरमईची कापं दे, मधला काटा काढला की झालं. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं करशील तेव्हा तिरफळ चावायचं नसतं हे वाढतानाच सांग. नाहीतर माणूस जीभ बधिर झाली म्हणून डॉक्टर शोधायला निघतो.

शाकाहारी पावणे आले की आपल्या बायका घाबरतात आणि पनीर आणायला धावतात. कशाला? पनीर त्यांना घरी मिळतं. काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या कर, फणसाची भाजी कर, मार्चच्या सुमारास ओल्या काजूची उसळ कर, वर सोलकढी. फक्त त्यांची भांडी खरोखर वेगळी ठेव. ठेवणं जमणार नसेल तर तेही आधीच सांग, खोटं बोलू नको. काही लोकांना तेवढ्यावर दुसरीकडे जावंसं वाटेल आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पावसात लोक विचारतात, रूम स्वस्त आहे का? स्वस्त दे, पण काय काय बंद असतं तेही त्याच दमात सांग. १ जूनपासून दोन महिने तरी यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे ताजा मासा कमी आणि महाग. स्कूबा नाही, किल्ल्याची होडी नाही. वीज जाते, नेट जातं. पलंगाखालची चप्पल हिरवी होते. उरतं काय? पत्र्यावरचा पाऊस, उकड्या तांदळाची पेज, खवळलेला दर्या आणि झोप. हे हवं असणारे लोक असतात आणि माझ्या मते तेच सगळ्यात चांगले पावणे. गाद्यांना ऊन मात्र मे महिन्यातच दाखवून घे, नंतर तीन महिने नुसता कुबट वास.

दर्याच्या बाबतीत मऊ बोलू नको. २०१७ च्या एप्रिलमध्ये वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. तो दिवस मालवण विसरलेलं नाही. पाणी वरून शांत दिसतं, खाली ओढ असते. देवबागच्या टोकाला, संगमाजवळ तर खाडी आणि समुद्र एकमेकांना ओढतात. पावणे आले की चहाबरोबरच सांगायचं: ओहोटीत आत जायचं नाही, दारू पिऊन पाण्याकडे जायचं नाही, अंधार पडल्यावर कंबरभरसुद्धा नाही. भरती-ओहोटीच्या वेळा रोज पाटीवर खडूने लिहून ठेव. होडीत लाइफ जॅकेट देत नाही त्या होडीवाल्याकडे पाठवायचं नाही, तो तुझ्या दिराचा मित्र असला तरी. आणि होडीवाल्यांकडून दलाली घेण्याच्या भानगडीत पडू नको. एकदा पैसे घेतलेस की त्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही.

कागदपत्रांत आळस नको. राज्याच्या पर्यटन खात्याची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे, तिच्यात नोंदणी कर. रजिस्टरला प्रत्येकाचं नाव, पत्ता, ओळखपत्र. परदेशी पावणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायची, ‘उद्या बघू’ चालत नाही. लग्न न झालेलं जोडपं आलं तर? गावातल्या चार बायका तुला शिकवतील. मी सांगते, दोघांचं वय अठराच्या वर आहे ना ते ओळखपत्रावर बघ आणि किल्ली दे. नसतीच द्यायची तर फोनवर सांग. रात्री नऊला दारातून परत पाठवायचं नाही.

नेटवर कोणी वाईट लिहिलं तर त्याच रात्री उत्तर देऊ नको. सकाळी चहा घेऊन लिही, तीन ओळी, काय खरं होतं आणि आता काय बदललंय एवढंच. ते उत्तर लिहिणाऱ्यासाठी नसतंच, पुढच्या वर्षी वाचणाऱ्या बाईसाठी असतं. त्याच्या मुलाने उशी फाडली होती हे तिथे काढायचं नाही.

झाडपुसीला येणाऱ्या बाईला महिन्याला बांधून पैसे दे, खोली रिकामी असली तरी. सीझनमध्ये तीच तुला सोडून शेजारच्या रिसॉर्टला गेली तर चादरी तूच धुशील.

आणि कॅलेंडर. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही, गावकरी देवीचा कौल घेऊन ठरवतात. ती जाहीर झाली की त्याच संध्याकाळपासून फोन सुरू होतात, रेल्वेची तिकिटं संपतात. त्या दिवसांचा दर आधीच ठरवून ठेव, फोनवर आवाज ऐकून वाढवू नको. जत्रेला येणारा माणूस आपलाच असतो, त्याला नेहमीचा दर माहीत असतो.

गणपतीचे दिवस मात्र सरळ बंद ठेव. कोणी दुप्पट देतो म्हणाला तरी. मुंबईहून दीर, नणंदा, त्यांची पोरं सगळी येणार, माजघरात पाय ठेवायला जागा नसणार, आणि पावण्यांची चांगली खोली बघून धाकटी नणंद तिथेच बॅग ठेवणार. तिला एसीचं बिल लावायचं की नाही ते तुझ्या सासूला विचार. मला त्यात ओढू नको.