बकऱ्यांच्या कोठ्यात दोन महिने: पाठवावं का?

भंडारा जिल्ह्यात अभ्यास टाळणाऱ्या पोराला घरोघरी एकच धाक घातला जातो: शिकला नाहीस तर बकऱ्या चारशील. अशा घरातली मुलगी बारावीनंतर म्हणाली की सुट्टीतले दोन महिने मला एका शेळीफार्मवर राहून काम करायचंय, पगार नाही, जेवण-राहणं मिळेल, तर घरात काय होतं ते वेगळं सांगायला नको. बापाला वाटतं, राबून शिकवलं ते पाण्यात गेलं. आईच्या डोळ्यांसमोर जंगलालगतचं शेत येतं, जिथे वीज नाही, फोन लागत नाही, रात्री बिबट्याचं भय. दोघांचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं. तरीही मी सांगेन की पाठवा. मात्र कुठे, कशासाठी आणि कोणत्या अटींवर, हे आधी ठरवून पाठवा.

ही कल्पना मुलांच्या डोक्यात बहुतेक वेळा मोबाइलमधून येते. नॉर्वे, फिनलंडच्या उत्तर टोकाकडचं एखादं कुटुंब, लाकडी घर, छपरावर सौर पॅनेल, बर्फात शेळ्या, आणि जगभरातून आलेली तरुण मुलं दूध काढताना, लाकडं फोडताना. यात खोटं काही नाही. शेतावर काम करायचं आणि त्या बदल्यात जेवण-निवारा घ्यायचा, ही पद्धत 1971 साली इंग्लंडमध्ये सू कॉपर्ड या बाईंनी सुरू केलेल्या ‘वूफ’ चळवळीतून जगभर पसरली. भारतातही तिची शाखा आहे. पण भंडाऱ्याहून थेट तिकडे निघण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. हातात पैसे पडले नाहीत तरी जेवण-राहण्याच्या मोबदल्यात केलेलं काम अनेक देशांत कामच धरलं जातं आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. विमानतळावरूनच परत पाठवलं गेलं तर पुढे शिक्षणासाठी व्हिसा मागताना तीच नोंद आडवी येते. ‘स्वयंसेवक म्हणून पाठवतो, इतके लाख भरा’ असं सांगणारा एजंट भेटला तर उठून घरी या. फुकट राबण्यासाठी लाख रुपये कोणी भरत नाही.

परदेशाचं सोडून आपल्याच देशाच्या उत्तरेकडे पाहायचं तर लडाख आहे. लेहजवळच्या फे गावात सेकमोल या संस्थेचा परिसर सौर ऊर्जेवर चालतो. संस्था 1988 पासूनची आहे आणि तिथे स्वयंसेवक घेतात. चांगथांगच्या पठारावर चांगपा लोक पश्मिना देणाऱ्या शेळ्या घेऊन फिरतात, पण ते त्यांचं जगणं आहे, पाहुण्यांसाठीचा कार्यक्रम नव्हे. शिवाय लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे, तिथे पोचल्यावर पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागते. हे सगळं नंतर करता येईल. पहिला अनुभव घरापासून एका एसटीच्या अंतरावर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि असं राहणं आपल्याकडे नवीनही नाही. मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमटे यांनी 1967 साली श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भातल्या किती घरांत आज पन्नाशी-साठी ओलांडलेले काका-मामा त्या छावणीत मे महिन्याच्या उन्हात कुदळ चालवून आलेत, विचारून पाहा. हेमलकसाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 साली सुरू झाला तेव्हा तिथे वीज नव्हती, आणि पुढेही कित्येक वर्षं नव्हती. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम उभा केला. तिथल्या एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात मुलं वेल्डिंगपासून पशुपालनापर्यंत सगळं हातांनी करत शिकतात. वर्गात न जमलेलं पोरगं तिथे जमवून दाखवतं.

आता मुद्द्याचं. दोन महिन्यांत शेळीच्या कोठ्यात शिकायला मिळतं तरी काय?

पहिल्या आठवड्यात नजर तयार होते. शेळीच्या वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे दात पडून कायमचे दोन आले की ती साधारण सव्वा-दीड वर्षाची झाली. मग चार, सहा, आणि आठही आले की पूर्ण वाढलेली. बाजारात व्यापारी तोंड उघडून पाहतो ते हेच. डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहायची. आतला भाग गुलाबी-लाल असेल तर ठीक, पांढरट दिसला तर अंगात रक्त कमी, म्हणजे पोटात जंत असण्याची दाट शक्यता. भंडारा हा तलावांचा जिल्हा, त्यामुळे इथे आणखी एक गोष्ट शिकावी लागते. मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी आणि बांध्यांच्या पाण्यात गोगलगायी असतात. पर्णकृमीचं पिल्लू त्यांच्या अंगात वाढतं, बाहेर पडून पाण्याकाठच्या गवताला चिकटतं आणि शेळीच्या पोटात जाऊन यकृतात घर करतं. मग जबड्याखाली पाण्याची सूज लोंबायला लागते. ‘बोडीवर पाणी पाजून आण’ हा साधा हुकूम किती महागात पडू शकतो, हे ती सूज एकदा बोटाने दाबून पाहिली की कायमचं लक्षात राहतं. म्हणून जाणता पशुपालक कोठ्यातच बादलीने पाणी पाजतो आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर डॉक्टरांना विचारून जंतनाशक देतो.

दुसरी शिकवण वितीच्या वेळची. शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. फळवल्याची तारीख लिहून ठेवली असेल तर त्या आठवड्यात रात्री जागायचं, नसेल तर महिनाभर नुसता अंदाज. पिल्लू जन्मलं की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावायचं आणि पहिल्या अर्ध्या-एक तासात चीक पाजायचा. दिवसभरात पिल्लाच्या वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे दोन किलोच्या पिल्लाला 200 मिलिलिटर, तोही तीन-चार वेळा विभागून. पिल्लाला स्वतःची रोगप्रतिकारशक्ती नसते, ती या चिकातून मिळते. टॉर्चच्या उजेडात, पाऊस कौलांवर वाजत असताना, उभं राहू न शकणारं पिल्लू आईच्या सडाला लावून देणारी मुलगी जीवशास्त्राचा हा धडा कधीच विसरणार नाही.

मग चाऱ्याचा हिशोब येतो. धानाची तणस शेळी फारशी खात नाही, लाखोळी-तुरीचं कुटार आवडीने खाते. बोर, बाभूळ, सुबाभूळ, शेवरीचा पाला तिला हवा असतो. धान उभं असताना बांध्यांत सोडता येत नाही, जंगलात चराईला बंधनं आहेत आणि कोका, नागझिऱ्याच्या बाजूला बिबट-वाघाचा धोका. मग जूनपासून धान निघेपर्यंत जनावरं बांधून कशी पोसायची? या एका प्रश्नाचं उत्तर ज्याला येतं त्यालाच भंडाऱ्यात शेळीपालन येतं. विदर्भाची स्वतःची बेरारी शेळी आहे आणि देशी जातींच्या अधिकृत यादीत तिची नोंद आहे. जाहिराती पाहून राजस्थानची सिरोही आणणाऱ्यांनी इथल्या चार महिन्यांच्या ओलीत तिचे खूर कसे राहतील, हा विचार आधी करावा.

‘आमच्याच घरी चार बकऱ्या आहेत, मग दुसऱ्याकडे कशाला राबायचं?’ हा प्रश्न गावातले पालक विचारतात आणि तो अगदी रास्त आहे. घरच्या कोठ्यात मूल काम करतं, पण घरच्या गोष्टींना कोणी ‘का’ विचारत नाही. आजीने जसं केलं तसं आई करते. दुसऱ्याच्या कोठ्यात मात्र प्रत्येक गोष्ट विचारावी लागते, आणि विचारलेलं लिहून ठेवता येतं. ही वही या दोन महिन्यांची खरी कमाई. कोणती शेळी कधी फळवली, कधी व्याली, किती पिल्लं, जन्माचं वजन, महिन्याचं वजन, कोणती लस कधी, किती चारा विकत आला, कोणतं पिल्लू कशाने मेलं. मेलेल्याचीही नोंद हवी. ही वही घेऊन मुलगा पुढे कुठल्याही मुलाखतीला बसला तर त्याच्या बोलण्याला वजन येतं. आणि परत आल्यावर त्याने घरच्या चार बकऱ्यांची अशीच वही सुरू केली, तर तोही अनुभवच. गावातल्या मुलांकडे तो असतोच, फक्त कागदावर नसतो.

आता करिअरचं. हे दोन महिने म्हणजे नोकरीची हमी नव्हे. पण यातून दिशा कळते, आणि चुकीच्या दिशेला घातलेली पाच वर्षं वाचू शकतात. पशुवैद्यक व्हायचं असेल तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते आणि पदवीला आंतरवासितेसह साडेपाच वर्षं जातात. नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय 1958 पासूनचं आहे. आता ते तिथल्याच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. ‘एमबीबीएसला नंबर लागला नाही म्हणून व्हेटरनरी’ असं म्हणत तिकडे जाणाऱ्या मुलाने आधी कोठ्यात शेणामुतात उभं राहून पाहावं. काहींना ते मनापासून आवडतं, काहींना दुसऱ्या दिवशीच कळतं की आपलं हे नव्हे. दोन्ही कळणं मोलाचं. नीटचा मार्ग नको असेल तर पशुसंवर्धनाच्या पदविका आहेत, त्यांची पात्रता त्या-त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहावी. सीईटीतून कृषी पदवी आहे. ग्रामविकासाकडे ओढा असेल तर पुढे तुळजापूरची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा आणंदची ‘इर्मा’ ही ग्रामीण व्यवस्थापन संस्था आहे. गावातल्या बायांसाठी बचतगटांमधून पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांच्या प्राथमिक देखभालीचं काम आहे, त्याला कमी लेखू नका.

आणि स्वतःचा फार्म? 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या, तेव्हा धंद्याला वाव आहे यात शंका नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या 2021 च्या सुधारित योजनेत 100 शेळ्या आणि 5 बोकडांच्या गटाला 50 टक्के भांडवली अनुदान आहे, जास्तीत जास्त 10 लाख रुपये. हा आकडा ऐकूनच पुष्कळ तरुण थेट बँकेत जातात. बाकीचा पैसा आपल्याला उभा करायचा असतो, आणि अनुदान एकरकमी नाही, दोन हप्त्यांत येतं, हे मागाहून कळतं. योजनेत प्रशिक्षण किंवा पुरेसा अनुभवही मागितला आहे, आणि ती अट योग्यच आहे. ज्याने एक पावसाळा दुसऱ्याच्या कोठ्यात काढलेला नाही त्याने शंभर शेळ्यांचं कर्ज काढू नये, हे मी हात जोडून सांगते.

आता आईच्या काळजीकडे येऊ. अठरा पूर्ण नसतील तर मुक्कामाला पाठवू नका, दिवसा जाऊन संध्याकाळी घरी येता येईल असं ठिकाण पाहा. अठरा पूर्ण असली तरी पालकांपैकी एकाने स्वतः जाऊन एक रात्र तिथे राहावं. त्या घरात कर्ती बाई आहे का, मुलगी कुठे झोपणार, संडास-न्हाणीला आतून कडी आहे का, हे सगळं डोळ्यांनी पाहावं. ज्या घराला हे विचारलेलं खटकतं तिथे पाठवूच नये. वीज नसण्याची भीती बाळगू नका, सौर दिव्यावर माणसं सुखाने राहतात. भीती बाळगायची ती जमिनीवर झोपण्याची. पावसाळ्यात मण्यार रात्री घरात शिरते, चावलेलं कळतही नाही. खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी हवीच, मलेरियासाठीही तीच कामी येते. सर्पदंशावरचं इंजेक्शन असलेलं सर्वांत जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथवर गाडी कोणाची, ही दोन उत्तरं लिहून घ्या. फोन लागत नसेल तर रेंज कुठे येते ते बघून रोज एका ठरलेल्या वेळी तिथून फोन करायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घ्यायचं. व्यालेल्या किंवा गाभडलेल्या शेळीला हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही आणि कच्चं दूध प्यायचं नाही, कारण ब्रुसेलोसिससारखे रोग जनावराकडून माणसाला होतात. शेळीला इंजेक्शन टोचणं हे शिकाऊ पोराचं काम नाही, मालकाने सांगितलं तरी नाही.

अटी साध्या कागदावर लिहून घ्या, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. दिवसाला पाच-सहा तास काम, आठवड्याला एक सुट्टी, जेवण-राहणं मालकाचं, आजारपणात घरी पोचवायची जबाबदारी कोणाची, आणि कोणकोणती कामं शिकवणार. एक गोष्ट मुलांनी स्वतःहून पाहावी. तुम्ही आल्यामुळे रोजाने येणाऱ्या एखाद्या बकऱ्या राखणाऱ्याची मजुरी बुडत असेल तर ते ठिकाण सोडा. गावात त्या रोजावर एखादी चूल पेटत असते. पहाटेपासून रात्रीपर्यंत नुसतं लेंड्या झाडायला लावणारा मालक शिकवत नाही, फुकटचा गडी वापरतो. अशा ठिकाणाहून तिसऱ्या दिवशी परत येण्यात कसलाही कमीपणा नाही. पालकांनीही ‘आता गेलीस तर पूर्ण कर’ असा हट्ट धरू नये.

जायचं कधी? मुलं मे महिना धरतात, कारण सुट्टी असते. त्या दिवसांत गावातली निम्मी माणसं तेंदूपत्त्याच्या मागे असतात आणि कोठ्यात शिकवायला कोणाला सवड नसते. निकाल आणि प्रवेशफेऱ्यांच्या मधले जून-जुलै अधिक बरे, कारण शेळीपालनाची खरी परीक्षा पावसातच असते. मात्र प्रवेशाच्या तारखा घरातल्या कोणीतरी सांभाळायच्या, रेंज नसलेल्या जागी बसून त्या चुकतात. जागा शोधायला इंटरनेटवर जाऊ नका. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे शेळीपालनाचं प्रशिक्षण पुढे कधी आहे ते विचारा आणि त्याला मुलासोबत आई किंवा वडिलांनीही बसावं. तिथे येणाऱ्या पशुपालकांमध्ये नोंदवही ठेवणारा कोण, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर तुम्हाला नावानिशी सांगतील.