देशबंधू चित्तरंजन दास : कलकत्त्याचे पहिले महापौर

नागरिकशास्त्र शिकविताना ग्रामपंचायत, नगरपालिका व महानगरपालिका यांची कामे विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतली जातात. पाणीपुरवठा, दिवाबत्ती, रस्ते, आरोग्य, प्राथमिक शिक्षण ही यादी मुले बिनचूक म्हणूनही दाखवितात. परंतु यादीतील कोणते काम आधी हाती घ्यावयाचे, हे ती सत्ता चालविणाऱ्या माणसांच्या वृत्तीवर अवलंबून असते, ही गोष्ट पाठांतराने उमगत नाही. ती उमगण्यास एखादे चरित्र अधिक उपयोगी पडते. वकिलीत कीर्ती मिळवून पुढे कलकत्त्याचे पहिले महापौर झालेले देशबंधू चित्तरंजन दास यांचे चरित्र या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

शिक्षण व ऋणमुक्ती

चित्तरंजनांचा जन्म ५ नोव्हेंबर १८७० रोजी कलकत्त्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे पूर्व बंगालमधील विक्रमपूरचे. हा प्रदेश आज बांगला देशात आहे. वडील भुवनमोहन हेही कायद्याच्याच व्यवसायात होते. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतल्यावर चित्तरंजन १८९० मध्ये इंग्लंडला गेले. सनदी नोकरीच्या परीक्षेत त्यांना यश आले नाही. तेव्हा ते बॅरिस्टर होऊन स्वदेशी परतले व कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले.

आरंभीची वर्षे कष्टाची गेली. भुवनमोहन सढळ हाताचे गृहस्थ होते. कर्जाचा बोजा वाढत जाऊन अखेर १९०६ मध्ये पितापुत्रांना न्यायालयात नादारी पत्करावी लागली. पुढे चित्तरंजनांची वकिली भरभराटीस आली, तेव्हा ते जुने कर्ज फेडण्याचे कायदेशीर बंधन त्यांच्यावर उरलेले नव्हते. तरीही १९१३ मध्ये त्यांनी सावकारांची पै न् पै चुकती केली. कायद्याचे बंधन संपले म्हणजे कर्तव्यही संपले असे न मानणे, हा त्यांच्या स्वभावाचा विशेष येथेच प्रथम दिसून येतो.

अलीपूरचा खटला

ज्या खटल्याने त्यांचे नाव सर्व देशात झाले, तो १९०८–०९ सालचा अलीपूर बाँब खटला होय. अरविंद घोष हे त्यातील एक आरोपी होते. दोनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेलेल्या या दीर्घ खटल्यात चित्तरंजनांनी इतर किफायतशीर कामे बाजूस ठेवून अरविंदांचा बचाव केला. मे १९०९ मध्ये अरविंद निर्दोष सुटले. यानंतर चित्तरंजनांची गणना देशातील अग्रगण्य वकिलांत होऊ लागली व त्यांचे उत्पन्नही फार मोठे झाले.

असहकाराच्या चळवळीत त्यांनी ही वकिली सोडून दिली. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना अटक झाली व सहा महिन्यांची शिक्षा भोगावी लागली. त्यांच्या पत्नी वासंतीदेवी यांनाही त्याच महिन्यात सत्याग्रहात अटक झाली होती. १९२२ च्या गया काँग्रेसचे अध्यक्षपद चित्तरंजनांनी भूषविले. कायदेमंडळांत प्रवेश करून लढावे, हे त्यांचे मत तेथे मान्य झाले नाही. म्हणून १९२३ च्या आरंभी मोतीलाल नेहरूंसमवेत त्यांनी स्वराज्य पक्ष स्थापिला.

महापौरपद

कलकत्त्याच्या नगरकारभारात लोकप्रतिनिधींना फारसे स्थान नव्हते. १८९९ च्या कायद्याने त्यांची संख्या घटविली, तेव्हा सुरेंद्रनाथ बॅनर्जींसह २८ सभासदांनी राजीनामे दिले होते. तेच सुरेंद्रनाथ पुढे मंत्री झाले आणि त्यांनी १९२३ चा नवा कायदा करून घेतला. महापौर सभासदांनी निवडावा, असे या कायद्याने ठरले. १९२४ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्षास बहुमत मिळाले व एप्रिलमध्ये चित्तरंजन महापौर झाले. उपमहापौरपदी हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांची निवड झाली, तर मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून २७ वर्षांचे सुभाषचंद्र बोस नेमले गेले. सुभाषबाबूंनी दरमहा तीन हजार रुपयांच्या वेतनापैकी निम्मेच स्वीकारले.

महापौर या नात्याने चित्तरंजनांनी दरिद्रीनारायणाची सेवा हे पालिकेचे ध्येय म्हणून सांगितले. मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधोपचार, स्वच्छ पाणी, निर्भेळ अन्न व दूध आणि दाट वस्त्यांतील आरोग्यव्यवस्था ही कामे त्यांनी कार्यक्रमात ठेविली. त्यांत प्राथमिक शिक्षणास अग्रस्थान होते, ही गोष्ट शिक्षकांनी विशेषत्वाने ध्यानी घ्यावी. पालिकेने स्वतंत्र शिक्षणखाते उघडले आणि गरीब वस्त्यांतील मुलामुलींसाठी मोफत शाळा सुरू केल्या.

हा मार्ग निष्कंटक नव्हता. मुसलमान समाजास पालिकेच्या नोकऱ्यांत अधिक वाटा देण्याचे त्यांचे धोरण अनेक सहकाऱ्यांना रुचले नाही. ऑक्टोबर १९२४ मध्ये सरकारने सुभाषबाबूंना अटक केली, तेव्हा कित्येक आठवडे पालिकेच्या कामाचे कागद तुरुंगात त्यांच्याकडे जात. चित्तरंजनांची प्रकृती खालावत गेली आणि १६ जून १९२५ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. महापौरपद त्यांना जेमतेम चौदा महिने लाभले. पण सुरू झालेल्या शाळा त्यांच्यामागेही चालू राहिल्या व वाढल्या. कलकत्त्यातील आपले राहते घर त्यांनी आधीच देशास अर्पण केले होते. तेथे १९२६ मध्ये स्त्रियांसाठी चित्तरंजन सेवासदन हे रुग्णालय उभे राहिले.

अध्यापनासाठी सूचना

हा पाठ इयत्ता चौथीच्या पुढील वर्गांस घ्यावा. भारताच्या नकाशात कोलकाता (२००१ पर्यंतचे अधिकृत इंग्रजी नाव कलकत्ता) व दार्जिलिंग ही स्थळे दाखवावीत. सनावळी घोकून घेण्यापेक्षा पुढील प्रश्नांवर मुलांना बोलते करावे :

१. कायद्याचे बंधन नसताना चित्तरंजनांनी कर्ज का फेडले असावे?

२. १८९९ व १९२३ च्या कायद्यांत कोणता फरक होता?

३. महापौरांनी मुलांच्या शाळांना अग्रस्थान दिले, त्याचा लाभ कोणास झाला?

४. आपल्या ग्रामपंचायतीने गेल्या वर्षी कोणती कामे केली? ती करण्याचे कोणी व कोठे ठरविले?

चौथ्या प्रश्नासाठी वरच्या वर्गातील चारपाच मुलांना शिक्षकांनी स्वतः पंचायतीच्या कचेरीत न्यावे, सरपंचांची व ग्रामसेवकांची भेट घडवावी आणि मिळालेली माहिती फळ्यावर लिहून वर्गात वाचून दाखवावी.